ठाणे-नवी मुंबईहून कोकणात गाडीने: रस्ता कुठला धरायचा, घाट कुठला उतरायचा

कोकणात पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने निघालेले कुटुंब बहुतेक वेळा एकच काम करते. मोबाइलच्या नकाशावर गावाचे नाव टाकते आणि जी निळी रेघ दिसेल ती धरते. रेघ चुकीची नसते, पण ती त्या क्षणाची असते. पहाटे पाच वाजता मोकळा दिसणारा माणगावचा बाजार तुम्ही पोचेपर्यंत भरलेला असतो. शिवाय घाटात पाऊस किती आहे, गाडीत पाच माणसे आणि डिकीत सीएनजीची टाकी आहे, मागे आजी बसल्या आहेत, हे नकाशाला कळत नाही. म्हणून रस्ता किलोमीटर मोजून ठरवू नका. गाव कुठल्या तालुक्यात, महिना कुठला आणि घरातून निघण्याची वेळ कुठली, या तीन गोष्टींवर ठरवा.

आधी गाव, मग घाट

ठाण्याहून कोकणात उतरायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक, पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून सरळ मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही १७ नंबर. दुसरी, एक्स्प्रेसवेने पुणे, पुढे सातारा, कराड, कोल्हापूर आणि मग एखादा घाट उतरून कोकण. पळस्प्यापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत महामार्ग सुमारे ४७० किमी आहे. सिंधुदुर्गात जायचे असेल तर कोल्हापूरमार्गे साधारण पन्नासएक किमी जास्त पडतात, टोलही बराच जास्त. तरीही कित्येक सिंधुदुर्गवाले तोच रस्ता धरतात, कारण कोल्हापूरपर्यंत गाडी एका लयीत चालते आणि अवघड भाग शेवटच्या शंभर-सव्वाशे किमीत येतो.

तालुक्यानुसार हिशेब असा लावा.

माणगाव, महाड, पोलादपूर, श्रीवर्धन, म्हसळा: महामार्ग ६६ शिवाय दुसरा विचार करू नका. फक्त पेण-वडखळ टाळायचे असेल तर एक्स्प्रेसवेवरून खालापूर-खोपोलीला उतरून खोपोली-पाली-वाकण हा सुमारे ४० किमीचा रस्ता धरा. वाकणला तुम्ही नागोठण्याच्या पुढे महामार्गाला लागता. शनिवारी सकाळी अलिबागची गर्दी वडखळपर्यंत आपल्याच रस्त्यावर असते, तेव्हा ही वाट खास उपयोगी पडते.

दापोली, मंडणगड: लोणेऱ्यावरून गोरेगाव (मुंबईतले नव्हे, रायगडातले), आंबेत, मंडणगड. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण खेडपर्यंत जाऊन मागे वळण्यापेक्षा मंडणगडवाल्यांना सोयीचा. आंबेतचा सावित्रीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. दापोली शहरात जायचे असेल आणि ड्रायव्हर नवा असेल तर खेडवरून जा.

चिपळूण, गुहागर: सरळ महामार्ग ६६. पोलादपूर ते खेडमधला कशेडी घाट आता बोगद्यातून टाळता येतो, त्यामुळे या टप्प्याचा पूर्वीचा वैताग बराच कमी झालाय. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरता येतो, पण ठाणेकरांना तो लांबचा वळसा. परशुराम घाट दरडीमुळे बंद असेल तेव्हाचा पर्याय म्हणून तो लक्षात ठेवा.

देवरुख, रत्नागिरी, लांजा: इथे निवड खरी कठीण. महामार्गाने गेलात तर चिपळूणच्या पुढे आरवली ते वाकेड हा सुमारे ९० किमीचा पट्टा लागतो. चौपदरीकरणात सगळ्यात मागे राहिलेला हाच. दर काही अंतरावर डायव्हर्जन, कुठे काँक्रीट, कुठे जुने डांबर. दुसरी वाट कोल्हापूरहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा, दाभोळे, पाली (ही रत्नागिरीची पाली, खोपोलीकडची नव्हे). साखरप्यावरून देवरुख जवळ, पालीवरून लांजा आणि हातखंब्यामार्गे रत्नागिरी. आंबा घाट रुंदीला बरा आहे, पण पावसाळ्यात धुके फार. आमचे मत: रत्नागिरी शहरापर्यंत जायचे असेल तर कोरड्या दिवसांत महामार्ग ६६, तोही पहाटे निघून.

राजापूर: अणुस्कुरा घाट नकाशावर जवळचा वाटतो. कोल्हापूर, बाजारभोगाव, अणुस्कुरा, पाचल, ओणी असा तो रस्ता. अरुंद आहे, वस्ती विरळ आहे, मोबाइलची रेंज जाते. पहिल्या फेरीला नको.

वैभववाडी, देवगड, कणकवली: कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत जा. तिथे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. करूळ मोठा, तो वैभववाडीत उतरतो, पुढे तळेऱ्याला महामार्ग ६६ मिळतो. करूळ घाट २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद होता आणि लोक गगनबावड्यात येऊन परत फिरत होते. घाट उघडा आहे की नाही, हे कोल्हापूर सोडण्याआधी कळायला हवे. पर्याय म्हणून राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आहे, तो थेट कणकवलीकडे उतरतो. जंगलातला रस्ता आहे, अंधार पडायच्या आत पार करा.

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला: निपाणीहून उत्तूर, आजरा, आंबोली. मालवणवाल्यांनी फोंडा किंवा करूळ उतरून कणकवली, कसाल करावे.

ताम्हिणी आणि वरंधा यांच्याबद्दल नवखे हमखास विचारतात. ताम्हिणी पुण्याहून माणगावला उतरतो, ठाणेकरांच्या कामाचा नाही. वरंधा भोरहून महाडला उतरतो आणि पावसाळ्यात दरडींमुळे नेहमीच बंद ठेवतात. नकाशाने दाखवला तरी धरू नका.

महामार्ग ६६ वर कुठे काय

चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि तुकड्यातुकड्यांनी होत राहिले. त्यामुळे हा एक रस्ता समजू नका. प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा आहे.

पळस्पे ते इंदापूर हा ८४ किमीचा पहिला तुकडा. कर्नाळा अभयारण्यात रस्ता वळणांचा, माकडे रस्त्यावर असतात. त्यांना खायला द्यायला गाडी थांबवली की मागची रांग एकदम ब्रेक मारते. नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंड, तिथे ट्रक चढणीला रांगतात. घाईने ओव्हरटेक करण्यासाठी ही जागा नव्हे.

इंदापूर आणि माणगाव ही दोन गावे म्हणजे या प्रवासाचा घसा. बायपासची कामे वर्षानुवर्षे रखडल्यामुळे सगळी वाहतूक बाजारपेठेतून जात आली आहे. सकाळी साडेसातच्या आत माणगाव ओलांडले तर दहा मिनिटे लागतात, अकराला पोचलात तर तास जाऊ शकतो. निघण्याआधी बायपास खुला झालाय का, एवढे विचारा. खुला असेल तर वेळेचे हे गणित सैल होईल.

महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी. या दोन गावांत पूर येतो तेव्हा महामार्गही अडतो. खेडच्या पुढे भोस्ते घाट, त्यातली उताराची वळणे फसवी आहेत. सरळ चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो आणि वळण एकदम अंगावर येते. लोट्यानंतर परशुराम घाट. खारेपाटणच्या पुढे सिंधुदुर्ग लागला की रस्ता सुधारतो आणि थकलेला ड्रायव्हर इथेच वेग वाढवतो. गुरे मात्र इथेही रस्त्यावर बसतात, आणि पावसाळ्याच्या रात्री हमखास, कारण भिजलेल्या मातीपेक्षा काँक्रीट कोरडे असते. अंधारात काळी म्हैस वीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही.

ठाण्यातून बाहेर पडणे

अर्धा त्रास इथेच होतो. घोडबंदर, माजिवडा, नौपाडा इथल्यांनी पूर्व द्रुतगती मार्गाने ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, तुर्भे, सायन-पनवेल महामार्ग, कळंबोली. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे, त्यामुळे टोल वाचवायला कळव्याच्या गल्ल्यांत शिरायचे कारण उरले नाही. कळव्याचे लोक विटाव्यावरून ऐरोलीला जातात. फक्त विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी तुंबते, म्हणून जोराचा पाऊस असेल तर ती वाट सोडा. डोंबिवली-कल्याणकरांना शिळफाटा, तळोजा, कळंबोली. मुंब्रा बायपास अंतराला बरा, पण उरणच्या बंदराकडची कंटेनरची वाहतूक त्यावरून चालते. पहाटे चारला मोकळा वाटतो आणि एक ट्रेलर बंद पडला की सगळे थांबते.

कळंबोलीला लेन आधीपासून धरा. सरळ गेलात तर एक्स्प्रेसवेला लागता आणि तिथे मागे वळता येत नाही. गोवा महामार्गासाठी पनवेल-पळस्प्याची पाटी बघत बाजूला राहा. नेमका याच ठिकाणी मागच्या सीटवर नाश्त्याचा डबा उघडलेला असतो, तो दहा मिनिटे बंद ठेवा.

वेळेचा हिशेब

कुटुंबासोबत थांबे धरून महामार्ग ६६ वर ताशी ४५ ते ५० किमी सरासरी धरा, पुणे-कोल्हापूरच्या बाजूला ६० आणि घाटात २५ ते ३०. म्हणजे ठाणे-कणकवलीला दोन्ही वाटांनी साडेनऊ-दहा तास हवेतच. सात तासांत पोचल्याचे कुणी सांगितले तर ते एकट्याने, रात्री, मुलांशिवाय गेलेले असते.

निघायची चांगली वेळ पहाटे चार ते साडेचार. आदल्या रात्री दहाला झोपलेल्या ड्रायव्हरनेच निघायचे. शुक्रवारी ऑफिसातून येऊन रात्री अकराला गाडी काढणे ही सगळ्यात वाईट निवड. रात्री दोन ते पाच या वेळात झोप अनावर होते आणि त्याच वेळी तुम्ही डायव्हर्जनच्या पट्ट्यात असता. चहाने झोप जात नाही. डोळे जड झाले तर पेट्रोल पंपावर उजेडात गाडी लावून वीस मिनिटे खरोखर झोपा.

गाडी: सीएनजी, टायर, स्टेपनी

टायरची हवा गाडी थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसे आणि सामान असेल तर दुसरा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमी ही कायद्याची किमान मर्यादा, पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर घेऊन कोकणात जाऊ नका. पाणी बाहेर टाकायला खाचच उरलेली नसते.

स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघा. सीएनजी गाडीत स्टेपनी कुठे बसवली आहे आणि ती काढायला किती सामान उतरवावे लागते, हेही. जॅक आणि पाना बॅगांच्या वर ठेवा. चाक बदलताना नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, मग जॅक चढवायचा. उलट केले तर चाक हवेत फिरत राहते आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरते.

सीएनजीवर गाडीची ताकद थोडी कमी होते. भरलेल्या गाडीने घाट चढताना पेट्रोलवर करा, पहिल्या गिअरमध्ये कुथत नेऊ नका. गॅस आदल्या रात्री भरा, सोबत पेट्रोलची टाकीही निम्म्यावर हवी. कोकणात सीएनजी पंप आता आहेत, पण सुट्टीत रांग लागते आणि भरताना सगळ्यांना उतरावे लागते, झोपलेल्या बाळालासुद्धा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, झालेली असावी.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण रेंज नसलेल्या जागी दाखवायला आधी उघडून ठेवा.

खड्डे आणि काँक्रीटची कड

या महामार्गावर टायर फुटतात ते बहुधा खिळ्याने नाही, कडेने. काँक्रीटचा स्लॅब संपून डायव्हर्जन जुन्या डांबरावर उतरते तिथे चार-सहा इंचांची पायरी असते. पावसात ती पाण्याखाली दिसत नाही. टायर त्या कडेवर आदळला की रिम आणि कड यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटते, आतले धागे तुटतात आणि तासाभराने बाजूला फुगा येतो. फुगा दिसला की त्या टायरवर पुढे जाऊ नका, स्टेपनी लावा. पंक्चरवाला त्याला ठिगळ मारू शकत नाही.

खड्डा दिसला की ब्रेक आधी मारा आणि खड्ड्यात चाक जायच्या क्षणी सोडून द्या. ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडीचे नाक खाली झुकते, पुढचे सस्पेन्शन आधीच दबलेले असते आणि सगळा धक्का रिमवर येतो. ब्रेक सुटला की चाक फिरत खड्ड्यातून निघते. खड्डा चुकवायला अचानक उजवीकडे काढणे त्याहून धोक्याचे, समोरचा ट्रक आपलाच खड्डा चुकवायला डावीकडे आलेला असतो.

डायव्हर्जन पुढे आहे हे ओळखायला पाट्यांवर अवलंबून राहू नका. पुढच्या वाहनांचे ब्रेक लाइट, रस्त्यावर पसरलेली खडी आणि साइडपट्टीला रचलेले बॅरिकेड, ही खरी खूण.

घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल (लो गिअर). ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. तो तापतो, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबले तरी गाडी थांबत नाही. वास आला की सुरक्षित जागी पंधरा-वीस मिनिटे उभी करा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचवायची सवय असेल तर ती घाटाच्या माथ्यावरच सोडा.

अरुंद घाटात चढणीच्या गाडीला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचे. आंधळ्या वळणावर हॉर्न, रात्री डिपर. एसटी समोरून आली तर वळण संपेपर्यंत थांबा, तिला मागचे चाक वळवायला पूर्ण रस्ता लागतो.

धुक्यात हेडलाइट डिपरवर, वेग तीसच्या आत. चालत्या गाडीची चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला गाडी उभी वाटते आणि तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.

पाऊस

जुलैचा दुसरा पंधरवडा सगळ्यात वाईट. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्गही पंचगंगेच्या पुराने बंद पडला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी अडू शकतात. हवामान खात्याचा रायगड-रत्नागिरीला रेड अलर्ट असेल तर दुसरा रस्ता शोधू नका, दिवस बदला.

रस्त्यावर पाणी असेल आणि ते चाकाच्या मध्याच्या वर असेल तर गाडी घालू नका. वाहते पाणी असेल तर त्याहून कमी असले तरी नको. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारू नका. आत गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या.

मागच्या सीटवरची माणसे

मुलांना गाडी लागते ती बहुधा घाटात आणि मोबाइल बघताना. घाटाच्या आधी मोबाइल काढून घ्या, समोर बघायला सांगा, खिडकी थोडी उघडी ठेवा. निघताना दूध नको, कोरडी चपाती किंवा खाकरा चालतो. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा तास आधी; उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि ओला नॅपकिन पुढच्या सीटच्या खिशात ठेवा, डिकीत नको.

सीटबेल्ट मागच्यांनाही. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे अगदी नेहमीचे आहे, आणि ते अजिबात करू नका. एअरबॅग उघडली तर मूल मध्ये सापडते.

दर दोन तासांनी थांबा. आजी-आजोबांना गुडघे मोकळे करायला आणि महिलांना स्वच्छतागृहासाठी. पेट्रोल पंपापेक्षा जेवणाचे मोठे हॉटेल बघा, तिथे पाणी असते. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या हाताशी ठेवा, कारण वाहतूक अडली तर जेवणाची वेळ दोन तास पुढे जाते.

टोल आणि गणपतीचे दिवस

फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात.

गणेशोत्सवात शासन कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास जाहीर करते, ते आरटीओ आणि पोलीस ठाण्यात गाडीचा नंबर देऊन मिळतात. शेवटच्या दोन दिवसांत रांग लागते, आधीच घ्या. या काळात महामार्ग ६६ वर अवजड वाहनांना बंदी असते, तरी चाकरमान्यांच्या गाड्याच इतक्या असतात की चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री टाळलेल्या बऱ्या.

गाडी बंद पडली तर

साइडपट्टीवर, वळणापासून दूर उभी करा. चारही इंडिकेटर, मागे पन्नास मीटरवर त्रिकोण, अंधारात आणखी लांब. सगळ्यांना डावीकडच्या दाराने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करा. कठड्यापलीकडे कडा असेल तर गाडीच्या पुढे नव्हे, मागे लांब जाऊन उभे राहा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गावाचे नाव सांगा, "घाटात आहोत" एवढ्याने कुणी शोधू शकत नाही.

परत येताना

रविवारी दुपारी महाड ते कोलाड आणि संध्याकाळी एक्स्प्रेसवेचा मुंबईकडे उतरणारा घाट, दोन्ही भरतात. सोमवारची रजा मिळत असेल तर सोमवारी पहाटे निघा. नसेल तर रविवारी पहाटे चारलाच, दुपारच्या जेवणाआधी पनवेल गाठायचे. आंबे, फणस, नारळ लादताना टायरची हवा पुन्हा बघा. जाताना रिकामी असलेली डिकी परतताना शंभर किलोनी भरते, तेव्हा नारळाचे पोते वर कॅरिअरवर न बांधता सीटच्या पाठीला टेकवून तळाला ठेवा. वर ठेवले तर घाटाच्या वळणात गाडी झुकते.